आजोबांच्या गावाचा पत्ता लागला, म्हणून हे पत्र

ती. आई आणि बाबांना,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर बाबा दोन मिनिटांत "घे, आईशी बोल" म्हणतात आणि विषय तिथंच राहतो, म्हणून लिहायला बसले. दादाला सांगितलंय की मोठ्या अक्षरात प्रिंट काढून आणून दे. मोबाइलवर डोळे ताणून वाचत बसू नका, आणि बाबा, जेवणाच्या आधीची गोळी घेऊनच वाचायला घ्या.

आधी ठरलेलं सांगते. या दिवाळीला मी येत नाहीये. सुट्टी राखून ठेवलीय, मे महिन्यात येणार, तिकीटही काढून झालं. आई, तू लगेच कपाळाला हात लावशील, "पहिल्यांदाच लेक दिवाळीला नाही" म्हणशील, मला दिसतंय सगळं. पण दिवाळीत आले असते तर जेमतेम आठवडा मिळाला असता, आणि कोयनेचं पाणी दिवाळीत काठोकाठ भरलेलं असतं. मे महिन्यात पाणी उतरतं, काठाची जमीन उघडी पडते, आणि मला आजोबांचं गाव बघायचंय. हो बाबा, गाव सापडलं.

तुम्ही बेळगावच्या अर्जावर सही करताना म्हणालात की काय निघेल ते मला सांगू नका. ते मी विसरले नाहीये, खूप दिवस हाच विचार केला. पण दादाच्या लग्नात गुरुजींनी कुलदैवत विचारलं तेव्हा तुम्ही क्षणभर थांबून "जेजुरी लिहा" म्हणालात, तुमचा तो चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. कुणी गाव विचारलं की "आमचं गाव गिरणगाव", एवढ्यावर आपण आयुष्य काढलं. आता तुमची पंच्याहत्तरी येतेय. तुम्ही असताना हे कळलं पाहिजे असं मला वाटलं, मागाहून आम्हा भावंडांना कळून त्याचा काय उपयोग.

आजोबांच्या ट्रंकेतला डिस्चार्जचा कागद नेमका गावाच्या नावाशीच फाटलेला, पण वरचा शिपाई नंबर आणि २/५ मराठा, म्हणजे पाचव्या मराठा रेजिमेंटची दुसरी पलटण, एवढं शाबूत होतं. नंबरामुळेच सगळं जमलं, कारण एका पलटणीत एकाच नावाचे चार-चार जण असायचे. दादा तो घेऊन बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसला गेला. पेन्शन नसलेल्यांचे शीट रोल, म्हणजे एकेकाच्या नोकरीचे सविस्तर कागद, पंचवीस वर्षांनी नष्ट करतात, त्यामुळे तो मिळणार नव्हताच, पण लाँग रोल, म्हणजे सगळ्यांच्या नोंदींची वही, जपून ठेवतात, त्यात आजोबांची एक ओळ आहे. भरती, सुटका १९४६, आणि मधे युद्धकैदी.

आपल्याला कैद म्हणजे काय ते कधी कुणी सांगितलंच नाही ना. मी इथे लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये पलटणीच्या वॉर डायऱ्या वाचायला जात होते (रीडर्स तिकीट फुकट असतं, पेन आत नेऊ देत नाहीत, फक्त पेन्सिल). त्यात शिपायांची नावं नसतात, अधिकाऱ्यांची असतात आणि शिपायांचे आकडे. पण काय घडलं ते नीट कळलं. आजोबांची पलटण आधी एरिट्रियात केरेनच्या डोंगरांत लढली, मग लिबियात तोब्रुकला आली. २० जून १९४२ ला सकाळी जर्मन सेनापती रोमेलचा मुख्य हल्ला आग्नेयेला झाला, आधी विमानांतून बाँब आणि मागोमाग रणगाडे, आणि ती बाजू नेमकी या मराठा पलटणीकडे होती. दुसऱ्या दिवशी वरच्या सेनापतीनं अख्खं तोब्रुकच शत्रूच्या हवाली केलं, तेहतीस हजारांच्या आसपास माणसं कैद झाली. बाबा, आजोबा पळाले नव्हते की त्यांनी आपणहून हात वर केले नव्हते. चाळीत कुणी लष्कराचा विषय काढला की ते उठून गॅलरीत जायचे असं तुम्ही सांगता, त्यांच्या मनात काय होतं देव जाणे, पण त्यात खाली मान घालण्यासारखं काही नव्हतं.

मग जिनिव्हाला रेड क्रॉसकडे अर्ज केला. दुसऱ्या महायुद्धातल्या कैद्यांची कार्डं त्यांच्याकडे आहेत, पण अर्ज ठरावीक वेळीच घेतात आणि तेही मोजकेच, म्हणून इतका वेळ गेला. आता दोन कार्डांचे स्कॅन आलेत. पहिलं इटलीतलं, अवेझ्झानोच्या कॅम्पचं, तिथे हिंदी कैदी ठेवायचे, सगळा डोंगराळ मुलूख. त्यावर तब्येत बरी आहे असं लिहिलंय आणि खाली देवनागरीत सही. बाबा, तुमची चेकवरची सही आणि ही सही, तेच शेवटचं अक्षर खाली ओढायचं वळण. मी ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत बघत होते आणि मला एकदम लहानपणी तुम्ही माझ्या प्रगतिपुस्तकावर सही करायचात ते आठवलं, मी शेजारी उभी राहायचे, तुम्ही पेन हातात दिलं की टोपण लावायचं काम माझं.

कार्डावर गावही आहे. स्पेलिंग इंग्रजी कानानं ऐकून लिहिलेलं, आजच्या नकाशावर कुठेच सापडेना. शेवटी ब्रिटिश लायब्ररीत सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने नकाशे काढले, धरणाच्या आधीचे, आणि ते दिसलं, जावळी तालुक्यात, कोयनेच्या काठाला, बामणोलीच्या पलीकडच्या बाजूला. साठच्या दशकात धरण भरलं तेव्हा गेलं पाण्याखाली, माणसं रायगड, ठाणे, सोलापूर अशी पांगली.

आता बाबा, पुढचं सावकाश वाचा. आई, तू यांच्याजवळ बस.

कार्डावर जवळचं माणूस म्हणून एक नाव लिहावं लागायचं. तिथे बायकोचं नाव आहे, आणि ते आजीचं नाही. १९४२ ला आजी असेल दहा-अकरा वर्षांची, आणि आजीशी लग्न झालं १९४९ ला. दुसरं कार्ड १९४४ चं, जर्मनीतल्या अॅनाबर्गच्या कॅम्पचं, इटलीनं शरणागती पत्करल्यावर जर्मनांनी कैदी तिकडे हलवले तेव्हाचं. त्यावर त्याच गावचा पत्ता आहे, पण बायकोच्या जागी आजोबांच्या वडिलांचं नाव. मुलाबाळाची नोंद कुठल्याच कार्डावर नाही. मी याचा अर्थ एवढाच लावते की ती मधल्या काळात गेली आणि ती बातमी आजोबांना तारेच्या कुंपणात असताना पत्रानं कळली असणार. परत आल्यावर ते गावी का गेले नाहीत, सरळ मुंबईत गिरणीत का लागले, हे मला आता कुणी समजावून सांगायला नको.

तुम्हाला वाटेल आजीला फसवलं की काय. नाही. आजीला माहीत होतं. तिच्या गळ्यात काळ्या मण्यांबरोबर चांदीचा छोटा टाक होता ना, ती गेल्यावर आपण तुळजाभवानीचा समजून देव्हाऱ्यात ठेवला तो, त्याचा फोटो मी वहिनीच्या आजींना दाखवला. त्या साताऱ्याकडच्याच. बघताक्षणी म्हणाल्या, हा सवतीचा टाक, दुसरेपणावर दिलेली बाई पहिलीच्या नावानं घालते. आणि आई, तुला आठवत असेल, आजी पितृपक्षात नवमीला एक सवाष्ण जेवायला घालायचीच, तू विचारलंस तर "आपल्यातलीच एक" म्हणायची. अविधवा नवमी ती, नवऱ्याआधी गेलेल्या बाईच्या नावानं करतात. आजीनं आयुष्यभर तिचं केलं, आपल्याला पत्ता लागू न देता.

बाबा, सदुसष्ट सालची गोष्ट तुम्हीच सांगितली होतीत. तुम्ही अकरावीत होतात, ११ डिसेंबरला पहाटे कोयनेचा भूकंप झाला, आजोबा त्याच दिवशी गिरणीत रजा टाकून कुठेतरी गेले आणि आठवड्यानं आले, कुठे गेलो होतो ते काही बोलले नाहीत. तुम्ही त्याचा राग धरलात, बरीच वर्षं. मला वाटतं ते तिकडेच गेले होते, आपली म्हणून कोण माणसं उरलीत ते बघायला.

तिचं नाव मी मुद्दाम इथे लिहिलेलं नाही. समोर बसून सांगेन. तुम्हाला नकोच असेल तर नाही सांगणार, दादालाही बजावलंय.

आता मे महिन्याचं. बामणोलीपर्यंत गाडी जाते, साताऱ्याला मुक्काम करू, हॉटेलमध्ये तळमजल्याची खोली आणि वेस्टर्न टॉयलेट असेल तरच बुकिंग करायचं असं दादाला सांगितलंय. पुढे लाँचमध्ये बाबांनी बसायचं की नाही हे डॉक्टर ठरवतील, तुम्ही नाही. स्टेंट टाकून वर्षसुद्धा झालेलं नाही. नाही जमलं तर काठावर सावलीत खुर्ची टाकू, मी आणि दादा जाऊन येतो, व्हिडिओ कॉल लागला तर लावते, तिकडे रेंज धड नसते. आई, कासचा घाट लागेल, तुझी आलेपाकाची डबी आतापासून शोधून ठेव.

तोवर बाथरूममध्ये दांडी बसवायला माणूस येईल सोमवारी, त्याला परत पाठवू नका, पैसे मी भरलेत. इन्व्हर्टरची बॅटरी बदलून घ्या. स्वयंपाकाच्या मावशींना दिवाळीत सुट्टी द्यायची तर डबेवाल्या काकूंना आधी सांगा, आणि आई, चकल्या एकटीनं तळत बसायच्या नाहीत, वहिनीला बोलव. माझ्या वाटणीच्या दादाबरोबर पाठव, त्याचं ऑफिसच्या कामानं इकडे येणं आहेच.

नवमीला जमलं तर त्या टाकाला हळदकुंकू वाहा, एक सवाष्ण जेवायला घाला. बाबांचं मन नसेल तर राहू दे, जबरदस्ती अजिबात नाही.

रविवारी फोन करते. बाबा, त्या दिवशी फोन आईच्या हातात देऊ नका. बोलायचं नसेल तर नुसते लाइनवर राहा, मीच बोलेन.

तुमची,
मनू