लोकप्रिय कादंबरी आणि लेखकाचा कान

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अधूनमधून खपाऊ मराठी पुस्तकांविषयी मजकूर येतो. त्यात लोकप्रिय कादंबरीची एक तर भलामण असते, नाहीतर तिच्याकडे बघून नाक मुरडलेले असते. गेल्या पावसाळ्यात मी या जातीची बरीच पुस्तके वाचली. त्यांत काही नवी होती आणि काही तरुणपणी वाचलेली पुन्हा हाती घेतलेली होती. त्यांच्याविषयी जे प्रामाणिकपणे वाटले ते मांडावे, म्हणून हा पत्रप्रपंच. मी समीक्षक नव्हे. फोंडा तालुक्यात शाळामास्तर म्हणून नोकरी केली आणि गावच्या देवळात उत्सवाला होणाऱ्या मराठी नाटकांना वर्षानुवर्षे विंगेत बसून प्रॉम्प्टिंग केले, एवढीच माझी पात्रता.

यातली दुसरी पात्रता पहिलीहून मोठी आहे, असे मला वाटते. आम्हा गोमंतकीयांचे मराठीशी असलेले नाते थोडे आडवळणाचे आहे. घरात, बाजारात आणि भांडणात आमची कोकणी असते. मराठी आम्ही वाचतो, भजनात गातो आणि जत्रेच्या रंगमंचावर रात्र रात्र बोलतो. (यावरून कोणी भाषावाद उकरून काढू नये, ही विनंती.) त्यामुळे छापील संवाद दिसला की तो तोंडात कसा बसेल, हे आधी पाहण्याची खोड लागते. प्रॉम्प्टिंग करताना एक गोष्ट पक्की कळली. नाटक नीट लिहिलेले असेल, तर नट वाक्य विसरला तरी समोरच्याच्या वाक्याचा धागा धरून तो आपल्या वाक्यापर्यंत पोहोचतो, कारण त्या माणसाने त्या क्षणी दुसरे काही बोलणे शक्यच नसते. नाटक कच्चे असेल तर सगळे वाक्य पुटपुटून सांगावे लागते, कारण ते त्या पात्राचे नसतेच. ते लेखकाचे असते आणि कोणाच्याही तोंडी घातले तरी चालले असते. लोकप्रिय कादंबरीची परीक्षाही मी याच मापाने करतो. कथानकातली वळणे, कलाटण्या, शेवटचा धक्का या गोष्टी कसब असलेल्या कोणालाही जमतात. माणसे बोलताना लेखकाने ऐकलेली आहेत की नाहीत, यावर मात्र पुस्तक दुसऱ्यांदा वाचवते की नाही हे ठरते.

‘मृत्युंजय’ याच कसोटीला लावून पाहिले, तेव्हा मनाला थोडे लागले. १९६७ साली आलेली ही कादंबरी आमच्या पिढीने उशाशी ठेवून वाचली. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि शेवटी श्रीकृष्ण अशा सहा जणांच्या तोंडून एकच कथा सांगायची, ही शिवाजी सावंतांची कल्पना आजही धाडसाची वाटते. परंतु सहा तोंडे असली तरी आवाज एकच आहे. सारथ्याच्या घरात वाढलेला शोण आणि हस्तिनापूरचा युवराज दुर्योधन सूर्योदय पाहून सारख्याच उपमा देतात, सारखेच लांब उसासे टाकतात. पुस्तक मध्येच उघडून चार ओळी मोठ्याने वाचल्या आणि श्रोत्याला विचारले की हे कोण बोलत आहे, तर प्रसंगावरून उत्तर देता येईल. बोलीवरून येणार नाही. तरीही ही कादंबरी हातातून सुटत नाही, याचे श्रेय कर्णाच्या जन्माच्या प्रश्नाला आहे. तो प्रश्न इतका जुना आणि इतका उघडा आहे की अलंकारांचे ओझे घेऊनही तो चालत राहतो.

त्यापेक्षा ‘ययाती’मध्ये ही युक्ती अधिक साधली आहे, असे माझे मत झाले. वि. स. खांडेकर म्हणजे आमच्या शेजारचेच. पेडण्याच्या पलीकडच्या शिरोड्यात १९२० ते १९३८ पर्यंत त्यांनी शाळा चालवली. सुभाषितवजा वाक्यांचा सोस त्यांनाही सुटलेला नाही. पण देवयानी स्वतःची बाजू सांगू लागली की आपला काही दोष असू शकतो, ही शंकाच तिच्या बोलण्यात कुठे डोकावत नाही. आणि त्याच घटना शर्मिष्ठा सांगते तेव्हा तिचा आवाज दबका, स्वतःलाच समजावणारा होतो. अशी बाई लेखकाने कुठेतरी ओसरीवर बसून ऐकलेली असणार.

‘स्वामी’विषयी मात्र माझे मन दुभंगलेले आहे. रणजित देसाईंच्या या कादंबरीला १९६४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि त्यानंतरच्या कितीतरी ऐतिहासिक कादंबऱ्या तिच्याच साच्यातून निघाल्या. सत्तावीस वर्षांच्या आयुष्यात थोरल्या माधवरावांनी पानिपतानंतरची मोडलेली घडी बसवली. त्यांचा चुलत्याशी, म्हणजे रघुनाथरावांशी असलेला ताण देसाईंनी फार संयमाने रंगवला आहे. एकमेकांचा मान राखत बोलणाऱ्या दोन माणसांमधले वैर दाखवायला मुळातच कान लागतो, आणि तो तेथे दिसतो. परंतु रमा-माधवाचे प्रसंग आता वाचताना साखर जास्त झाल्यासारखे वाटते. तो त्रासलेला येतो, ती अर्धे वाक्य बोलते, तो निवळतो. एकदा, दोनदा हे गोड लागते. मग पान उलटायच्या आधीच पुढचे कळू लागते. थेऊरला शेवट येतो तेव्हा मात्र देसाई हात आखडता घेतात आणि तीच पाने सर्वांत चांगली उतरली आहेत. या वाटेने गेलेल्या पुढच्या लेखकांनी संयम सोडून साखर तेवढी उचलली. हल्लीच्या काही ऐतिहासिक कादंबऱ्यांत तर दर प्रकरणाच्या शेवटी नायक मूठ आवळून भाषण करतो आणि हुजऱ्यापासून सरदारापर्यंत सर्वांचे डोळे पाणावतात. इतक्या पाणावलेल्या डोळ्यांनी स्वारी कशी करतात, हे कळत नाही. विश्वास पाटलांचे ‘पानिपत’ वेगळे वाटते ते याचमुळे. तेथे लढाईच्या आधी लष्कराला खायला काय मिळाले, याची काळजी लेखकाला आहे.

व. पु. काळे यांच्याविषयी लिहिताना जपून लिहावे लागते, कारण त्यांच्या चाहत्यांत माझी स्वतःची मुलगी आहे. ‘पार्टनर’ पुन्हा वाचले. पहिली पन्नास पाने मुंबईच्या मध्यमवर्गीय घराची घुसमट जागेच्या अडचणीसकट नेमकी पकडतात; महानगरपालिकेत वास्तुविशारद असलेल्या माणसाला जागा किती फुटांची आणि तिच्यात माणसे किती, हे नजरेने कळत असले पाहिजे. पण पुढे पुढे पात्रे एकमेकांशी बोलायची थांबतात आणि वाचकाशी बोलू लागतात. व. पुं.चे कथाकथन ज्यांनी ऐकले आहे, त्यांना याचे कारण चटकन समजेल. समोर भरलेले सभागृह असले की टाळीच्या वाक्यासाठी थांबावेच लागते, आणि ती थांबण्याची सवय कागदावरही उतरली आहे. म्हणूनच ही वाक्ये सुटी करून मोबाइलवरून सकाळी सकाळी पाठवता येतात. चांगल्या संवादातले वाक्य असे सुटे निघत नाही.

‘दुनियादारी’ मी उशिरा वाचली. २०१३ सालच्या चित्रपटाने गाजावाजा केल्यावर शाळेतल्या मुलांनी हातात दिली होती, ती यंदा पुन्हा काढली. सुहास शिरवळकरांच्या रहस्यकथांचा मी वाचक होतोच. १९८२ च्या या कादंबरीतले कट्ट्यावरचे बोलणे आजही वाळलेले नाही. मित्र एकमेकांना शिव्या घालतात, वाक्य अर्धे सोडतात, मुद्द्यावर येत नाहीत आणि तरी आपल्याला सगळे समजते. पुण्याच्या कॉलेजात मी कधी पाऊल ठेवलेले नाही, पण तो दिग्या मला ओळखीचा वाटतो. खटकते ते एवढेच की शिरीन आणि मिनू यांना असे मोकळे, वायफळ बोलण्याची मुभा लेखकाने दिलेली नाही. त्यांच्यावर प्रेम करायचे, त्यांच्यावरून झुरायचे, त्यांच्याविषयी निर्णय घ्यायचे. त्या आपसांत काय बोलतात, हे कट्ट्यावरच्या मुलांना जसे ठाऊक नाही तसेच शिरवळकरांनाही ठाऊक नसावे. एम. के. श्रोत्री हे पात्र लोकांना फार भावते. मला ते पेल्याआडून व्याख्यान देणारे वाटले.

रहस्य आणि भय यांच्या बाबतीत फार लिहीत नाही. बाबूराव अर्नाळकर आणि गुरुनाथ नाईक यांनी हजाराहून अधिक पुस्तके लिहिली. त्यांचे नायक झुंजार काय किंवा कॅप्टन दीप काय, यांना वाचकाने बसच्या प्रवासापुरते सोबत घ्यावे, हाच करार होता आणि तो दोघांनी इमानाने पाळला. नारायण धारपांचे मात्र वेगळे. त्यांचा निवेदक कचेरीत काम करणारा, साध्या शब्दांत हकिकत सांगणारा गृहस्थ असतो, आणि तो आवाज इतका शांत असतो की न घडणारी गोष्टही घडल्यासारखी वाटते. दुष्ट शक्तींशी झुंजणारे त्यांचे ‘समर्थ’ हे पात्र प्रगट झाले की माझी भीती निम्मी होते, ही माझी तक्रार तरुणपणीही होती.

आता मूळ दुखण्याकडे येतो. गेल्या काही वर्षांत गोव्यात घडणाऱ्या मराठी रहस्यकादंबऱ्या आणि प्रेमकथा वाढल्या आहेत. त्यांतल्या काही मी वाचल्या. लेखक नवे आहेत, म्हणून नावे घेत नाही. त्यांतला गोवा म्हणजे किनारा, कॅसिनो, अमली पदार्थ आणि मासळीचे ताट. एकीत पोलीस अधिकारी पणजीहून मडगावला गुन्हेगाराचा पाठलाग करताना मांडवीचा पूल ओलांडतो. आम्ही आपले आजवर त्या वाटेवर झुआरीच ओलांडत आलो. ही चूक हसून सोडता येते. बोलण्यातली चूक सोडता येत नाही. सत्तरी तालुक्यातली म्हातारी त्यात मालवणी नाटकातल्यासारखी बोलते, सासष्टी तालुक्यातला ख्रिस्ती पदेर, म्हणजे पाववाला, हिंदी चित्रपटातल्यासारखा ‘मॅन’ ‘मॅन’ करतो, आणि भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, घरचे सगळे जण पुण्याच्या सदाशिव पेठेतली भाषा बोलतात. आमची माणसे मराठी कादंबरीत कोकणीच बोलावीत, असा माझा आग्रह नाही. त्यांच्या मराठीला त्यांचा हेल आणि त्यांचा तोल असावा, एवढेच म्हणणे आहे.

कान नसला की पुढे कथानकही कोसळते. आणखी एका कादंबरीत म्हातारा भाटकार रागाच्या भरात मृत्युपत्र करून आपली सगळी मिळकत मुलांना डावलून एका परक्या बाईच्या नावे करतो आणि त्यावरून त्याचा खून होतो. वाचताना मी पुस्तक मिटून ठेवले. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून गोव्यात चालत आलेला नियम असा की, लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवराबायको मालमत्तेचे निम्म्यानिम्म्याने धनी असतात, आणि माणसाला आपल्या वाट्यातलाही अर्धा हिस्सा मुलांसाठी राखूनच ठेवावा लागतो. आमच्या अलीकडच्या उत्तराधिकार कायद्यातही हे तत्त्व कायम आहे. म्हणजे रागावलेल्या भाटकाराच्या हाती राहतो तो फक्त चतकोर. त्या चतकोरासाठी खून करणारा माणूस गोव्यात नसेल असे मी म्हणत नाही, पण त्याची गोष्ट वेगळी झाली असती आणि बहुधा अधिक चांगली झाली असती. पत्नीची सही कोणी कशी मिळवली, पोर्तुगालला गेलेल्या वारसदाराला नोटीस कशी पोहोचली नाही, वडिलोपार्जित घराचे दहा धनी आणि त्यांतल्या एकालाही छप्पर शाकारायचे नाही, अशा हकिकती मडगावच्या कोणत्याही वकिलाच्या ओसरीवर तासभर बसले तर ऐकायला मिळतात. रहस्यकथाकाराला याहून अधिक काय हवे? तसेच खाणींचे. २०१२ साली खनिज उत्खनन थांबले, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. कर्ज काढून घेतलेले ट्रक दारात उभे राहिले, बार्ज नांगरून पडल्या. त्या काळात गावागावांत माणसे एकमेकांशी काय बोलत होती, याच्यावर एक चुरचुरीत लोकप्रिय कादंबरी अजून माझ्या वाचनात आलेली नाही.

असे ऐकणारे लेखक आपल्याकडे झालेच नाहीत, असे नाही. सत्तरीतल्या आंबेड्याचे महादेवशास्त्री जोशी आणि बोरीचे सुभाष भेंडे यांना महाराष्ट्रातही भरपूर वाचक मिळाले. हडफड्यात जन्मलेल्या जयवंत दळवींची ‘महानंदा’ मी यंदा पुन्हा वाचली. देवळाच्या आश्रयाने राहणाऱ्या भाविणीच्या मुलीची ही गोष्ट आहे. विषय असा की कोणीही रडगाणे गायले असते, पण दळवी माणसांना कमी बोलू देतात. आई मुलीला सांगत नाही, मुलगी विचारत नाही, आणि देवळाचे आवार मात्र दोघींचे सगळे जाणून असते. ही कादंबरी लोकांनी डोक्यावर घेतली, तिच्यावर चित्रपट झाला. म्हणजे वाचकाला सवंग तेच लागते, हे प्रकाशकांचे नेहमीचे म्हणणे खरे नाही.

आपल्या पुरवणीकडे एक मागणे आहे. नव्या कादंबरीचे परीक्षण छापताना तीन चतुर्थांश जागा कथानकाच्या सारांशात जाते आणि उरलेल्या जागेत मुखपृष्ठाचे कौतुक होते. परीक्षण करणारा बहुतेक वेळा लेखकाच्या ओळखीतला असतो. त्याऐवजी पुस्तकातला अर्ध्या पानाचा संवाद जसाच्या तसा छापावा आणि परीक्षकाने त्याविषयी लिहावे. पणजीला पाटो येथील मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ पासूनचे आहे, तेथे जाऊन निवड करणे सर्वांना जमते. पण गावच्या वाचनालयाला वर्षाकाठी थोडीच पुस्तके घेता येतात आणि आमचा ग्रंथपाल आपली पुरवणी पाहूनच यादी करतो. अशा अर्ध्या पानाचा त्याला मोठा उपयोग होईल.

आपला,
एक निवृत्त शिक्षक व वाचक,
फोंडा, गोवा