नाव माहीत नसलेल्या सगळ्यांना थँक्यू

काल माझी दुरुस्त केलेली जुनी गाडी स्वतःच्या इंजिनवर गेटच्या बाहेर पडली आणि मला आधी तुमचीच आठवण आली. गाडी 1930 ची फोर्ड मॉडेल ए, रेअर म्हणायला थोडी लाज वाटते कारण जवळजवळ 48 लाख बनल्या होत्या, पण आता चालती दिसली की लोक थांबतातच ना!

ज्या काकांनी मी बॅटरी जोडताना हात धरला, त्यांना पहिलं थँक्यू. ही 6 व्होल्टची, आणि हिचा प्लस बॉडीला जातो, मी आपला आजच्या गाड्यांच्या सवयीने उलटं जोडायला निघालेलो. आणि इंजिन चालू करायला पुढून हॅन्डल मारायच्या आधी स्टिअरिंगखालचा डावा लिव्हर पूर्ण वर कर, म्हणजे इंजिनमधली ठिणगी उशिरा पडेल (स्पार्क लेट), नाहीतर हॅन्डल उलट फिरून मनगट मोडेल, हे ज्या बाईंनी तीन वेळा बजावलं त्यांचे उपकार तर माझं मनगट विसरणार नाही.

इंजिनच्या बेअरिंगचं बॅबिट, म्हणजे आतला मऊ धातूचा थर, ओतून देणाऱ्या दादांनी तर कमालच केली, ते काम आता किती जणांना येतं? मी नुसता बघत बसलो, वितळलेला धातू, साचा, मग तासन् तास घासणं.

आणि पावसात गाडी ढकलणारी ती चार पोरं, नाव विचारायच्या आत पळाली पण. गिअरला सिंक्रो नाही, म्हणजे गिअर आपोआप जुळत नाहीत, त्यामुळे प्रत्येक गिअरला दोनदा क्लच दाबायचा (डबल क्लच) तो अजून चुकतो, खरखर ऐकू आली तर मीच समजा, हात करा, थांबतो. ब्रेक नुसत्या रॉडचे आहेत, आजच्यासारखे ऑइलचे नाहीत, जरा लांबूनच करा.