नाकातून गाठ काढली, तरी तपासणी सुटू नये

मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथीची गाठ नाकातून दुर्बिणीने काढल्याची बातमी रविवारच्या अंकात वाचली. माहिती उपयुक्त आहे. पण ही गाठ पुन्हा वाढू शकते, याचा तीत उल्लेखच नाही.

या गाठी बहुतेक वेळा कर्करोगाच्या नसतात, म्हणून घरचे निर्धास्त होतात. मात्र ग्रंथीच्या दोन्ही बाजूंनी मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या असतात. तिकडे पसरलेला भाग कधी कधी मागे ठेवावाच लागतो आणि काही वर्षांनी तो डोके वर काढतो. माझ्या पत्नीच्या बाबतीत सात वर्षांनी हेच झाले. त्रास काही नव्हता, म्हणून आम्ही एमआरआय करणे सोडून दिले होते. मग तिचा खांदा दाराच्या चौकटीला लागू लागला. विश्रामबागला रस्ता ओलांडताना बाजूने येणारी दुचाकी दिसेना. चष्म्याचा नंबर बदलून पाहिला. पण वाढलेल्या गाठीचा दाब होता तो डोळ्यांच्या नसांवर.

दुसरी शस्त्रक्रियाही नाकातूनच झाली आणि नजर बरीचशी परतली. पण जुन्या व्रणामुळे डॉक्टरांना वाट दाखवणाऱ्या आतल्या खुणा बदललेल्या असतात, मेंदूभोवतीचे पाणी नाकातून गळण्याचा धोकाही वाढतो. म्हणून डॉक्टरांनी आधी पहिल्या शस्त्रक्रियेची सविस्तर नोंद मागितली. आमच्याकडे होते फक्त डिस्चार्ज कार्ड, तेही घडीवर फाटलेले. रुग्णालयांनी घरी सोडतानाच ही नोंद आणि एमआरआयची सीडी हातात द्यावी. पुढच्या एमआरआयची व दृष्टिक्षेत्र (बाजूचे किती दिसते याच्या) तपासणीची तारीख कार्डावर ठळक लिहावी.

– एक वाचक, सांगली