डेंटिस्ट व्हायचं म्हणजे नीटच्या पुढे काय, ते पण छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमची करिअर पुरवणी दरवर्षी वाचतो. नीटचा कटऑफ, फी, कुठल्या राऊंडला कुठलं कॉलेज, सगळं असतं. पण पोरगं पास झाल्यावर दवाखाना टाकायची परवानगी कुठून मिळते ते एका ओळीत पण नसतं. आम्हाला पण माहीत नव्हतं आणि त्यात आमच्या मुलीचं वर्ष थोडक्यात वाचलं म्हणून हे लिहितोय.

मुलगी बीडीएसला, म्हणजे दातांच्या डॉक्टरच्या डिग्रीला, कर्नाटकात होती. २०१७ ला अॅडमिशन, चार वर्षं कॉलेज आणि एक वर्ष इंटर्नशिप. सांगलीतून मिरज आणि मिरजेतून बेळगावची गाडी, घरच्या भाकरीचा डबा संध्याकाळपर्यंत पोचायचा इतकं जवळ, त्यामुळं दुसऱ्या राज्यात शिकतीय असं कधी वाटलंच नाही, पण कायद्याला ते वाटतं! इंटर्नशिप संपली तसं तिथल्या एकानं सांगितलं की सगळ्यांसोबत इथंच रजिस्ट्रेशन, म्हणजे डेंटिस्टच्या रजिस्टरवर नाव लावणं, करून टाका, नंतर कुठेही चालतं. केलं. आणि मग सांगलीत आल्यावर कळलं की ते सगळीकडे चालत नाही.

१९४८ च्या डेंटिस्ट्स अॅक्टप्रमाणे प्रत्येक राज्याचं रजिस्टर वेगळं. आपलं महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे, मुंबईला. दुसऱ्या राज्यात नाव असेल आणि इथं प्रॅक्टिस करायची असेल तर नाव ट्रान्सफर करून घ्यावं लागतं, त्याचा अर्ज गेला दिल्लीला डेंटल कौन्सिल ऑफ इंडियाकडे, आणि सोबत आधीच्या कौन्सिलचा गुड स्टँडिंगचा दाखला, म्हणजे हिच्यावर काही तक्रार नाही असा. बरं गंमत अशी की हे सगळं करायची गरजच नव्हती. कायद्यात स्पष्ट लिहिलंय की जो त्या राज्यात राहतो किंवा तिथं प्रॅक्टिस करतो आणि ज्याची डिग्री मान्यताप्राप्त आहे त्याला तिथल्या रजिस्टरवर नाव लावता येतं. आम्ही सांगलीचे, रेशनकार्ड इथलं, घरपट्टी इथली. थांबून सरळ मुंबईत अर्ज केला असता तर दिल्ली मध्ये आलीच नसती. दोष कुणाला द्यायचा, आम्हीच विचारलं नाही.

कागदांचं पण एक सांगतो. मुलीच्या दहावीच्या सर्टिफिकेटवर आडनाव आधी आणि डिग्रीवर आडनाव शेवटी. आपल्याला वाटतं त्यात काय एवढं, पण फॉर्म भरताना मुलगी तिथंच अडकली, मग कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडून दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असं अॅफिडेव्हिट. पोरं कॉलेजात असतानाच सगळीकडचं नाव एकदा शेजारी ठेवून बघा, विशेषतः मुलींचं, कारण लग्नानंतर अजून एक नाव वाढतं.

मधल्या काळात मुलगी घरीच. एका रात्री शेजारच्या काकू गाल धरून आल्या, अक्कलदाढ सुजलेली, म्हणाल्या अगं डॉक्टर झालीस ना मग काढ की. तिच्याकडे कॉलेजची पक्कड, आरसा सगळं डब्यात होतं. तिनं मोबाईलच्या उजेडात बघितलं आणि सांगितलं की काकू सकाळी सिव्हिलला जा, मी हात लावणार नाही. काकू रागावल्या, खरं सांगायचं तर मला पण वाटलं की किती भाव खातीय. नंतर तिनं समजावलं की नाव अजून इथल्या रजिस्टरवर आलेलं नाही, आणि रजिस्टरवर नाव नसताना दात काढणं गुन्हा आहे, डिग्री घरात फ्रेम करून लावली तरी. आता त्याच १९४८ च्या कायद्यात पहिल्यांदा सापडला तर दंड किती? पाचशे रुपयांपर्यंत! आज एक दाढ भरायला त्याहून जास्त जातात. म्हणून तर जत्रेत आणि आठवडी बाजारात चादर टाकून कवळ्या बसवणारे बिनधास्त बसतात आणि आमची पोरगी पाच वर्षं शिकून काकूंना नाही म्हणते.

काहींना वाटतं ही भानगड आपल्याकडेच. तसं नाही. आमच्या कॉलनीतली एक सून बीडीएस करून अमेरिकेत गेली, तिला तिथली आयएनबीडीई परीक्षा देऊन परत डेंटल कॉलेजात शिकायला बसावं लागलं आणि त्यानंतर लायसन्स परत राज्याचंच, प्रत्येक राज्याचं बोर्ड वेगळं. न्यूयॉर्कमध्ये तर नव्यानं लायसन्स घेणाऱ्याला एक वर्ष रेसिडेन्सी, म्हणजे देखरेखीखाली काम, करावी लागते.

आपल्याकडे पण आता बदल ठरलाय. २०२३ मध्ये संसदेनं राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा केला, त्यात ठरलं की जुना १९४८ चा कायदा जाऊन हा नवा यावा आणि बीडीएसच्या शेवटी नेक्स्ट नावाची देशभर एकच परीक्षा, ती पास झाल्याशिवाय प्रॅक्टिसचं लायसन्स नाही. आत्ता बारावीला असलेल्यांच्या आईबापांना हे माहीत नको का? क्लासवाले सांगणार नाहीत, त्यांचं काम अॅडमिशन झाली की संपतं.

आणि रजिस्ट्रेशन झालं म्हणजे झालं असंही नाही. ते वेळेवर रिन्यू करावं लागतं, त्यासाठी सीडीईचे, म्हणजे डिग्रीनंतर चालू ठेवायच्या शिक्षणाचे, पॉइंट लागतात, विसरलात तर नाव रजिस्टरवरून निघू शकतं. दवाखान्यात एक्स-रे मशीन ठेवलं तर अणुऊर्जा नियामक मंडळाकडे नोंद, कापूस-सुया टाकायला बायोमेडिकल वेस्टची परवानगी. मशीनवाला हे मशीन विकल्यावर सांगतो.

शेवटी मुलीचा रजिस्ट्रेशन नंबर आला. दवाखान्याचा बोर्ड करायला गेलो तर फ्लेक्सवाला म्हणतो, काका हे नंबरच्या आधी ए कशाला, ब्लड ग्रुप आहे का? मी म्हटलं बाबा हा रजिस्टरचा भाग ए, म्हणजे डिग्रीवाले. जुन्या काळी डिग्री नसताना काम करणाऱ्यांसाठी भाग बी ठेवला होता. त्यानं ए जरा मोठा केला, पैसे तेवढेच घेतले.

तर पुढच्या पुरवणीत कटऑफच्या टेबलाखाली एक चौकट द्या: कॉलेजच्या डिग्रीला मान्यता आहे का बघा, जिथं राहणार तिथंच रजिस्ट्रेशन करा, नावं जुळवा. हवं असेल तर मुलगी लिहून देईल, संध्याकाळी पाचपर्यंत तिला पेशंट नसतातच.

आपला,
एक पालक, विश्रामबाग, सांगली