स्टेटस न ठेवणाऱ्याला जाब विचारणारे कोण?

महोदय,

समाजमाध्यमांवरील दिखाऊपणाविषयी वृत्तपत्रांत जी पत्रे प्रसिद्ध होतात, त्यांपैकी बहुतेकांत सगळा दोष तरुण पिढीच्या माथी मारून हात झटकलेले असतात. मी तालुक्याच्या गावी ३४ वर्षे फोटो स्टुडिओ चालवला, त्यामुळे माणसे स्वतःला कशी सजवून मांडतात हे जवळून पाहिले आहे आणि म्हणूनच हा आरोप मला एकांगी वाटतो.

आमच्या स्टुडिओत रंगवलेले दोन पडदे होते, एक बगीच्याचा आणि एक संगमरवरी जिन्याचा. आरशाशेजारच्या खिळ्याला एक काळा कोट आणि इलॅस्टिकचा टाय कायम अडकवलेला असे, आणि तो कोट अंगाला सैल होणाऱ्या गिऱ्हाइकाच्या पाठीशी चाप लावून समोरून बेताचा दिसेल अशी व्यवस्था मी स्वतः करत असे. टेबलावर वायर नसलेला टेलिफोन होता आणि तो कानाला लावून फोटो काढून घेणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरी तेव्हा फोन नव्हता. लग्नाच्या मुलीचा फोटो असेल तर वडील हळूच जवळ येऊन ‘जरा उजळ येऊ द्या’ असे सांगत, आणि मग रात्री दिव्याच्या काचेवर निगेटिव्ह ठेवून टोकदार पेन्सिलीने टचिंग करण्याचे काम माझ्याकडे येई. आजच्या फिल्टरला नावे ठेवताना आमच्या पिढीला त्या पेन्सिलीचा विसर पडतो.

फरक पडला तो पाहणाऱ्यांत. अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकातच दैनंदिन वागण्याला नाटकाची उपमा दिली होती. शेटलंड बेटांवरील एका हॉटेलातील नोकरमंडळी पाहुण्यांसमोर एक आणि स्वयंपाकघरात दुसरी कशी असतात, हे त्यांनी बारकाईने टिपले होते. म्हणजे रंगमंच आणि विंग अशा दोन्ही जागा माणसाला लागतात. स्टुडिओतला कोट घातलेला फोटो भिंतीवर किंवा स्थळाच्या पाकिटात जाई आणि तो माणूस धोतर-बंडीत शेतावर परत जाई. त्याला तिथे पाहणारे लोक वेगळे होते आणि त्यांना कोटाची अपेक्षाही नव्हती. आता सासरची मंडळी, कार्यालयातले साहेब, शाळासोबती, दूधवाला आणि सोसायटीचे सचिव एकाच फोनमधील एकाच यादीत असतात आणि सर्वांसमोर एकच चेहरा धरावा लागतो. हे अवघड आहे, म्हणूनच स्टेटस ठेवताना ठरावीक लोकांना वगळण्याची सोय व्हॉट्सॲपमध्ये आहे आणि इन्स्टाग्रामने २०१८ साली निवडक मित्रांसाठी हिरव्या वर्तुळाची स्टोरी आणली. एक खुले आणि एक चार मैत्रिणींपुरते, अशी दोन खाती चालवणाऱ्या मुलींना आपण लबाड म्हणतो. मला तर त्या हरवलेली विंग परत उभारत आहेत असे वाटते. त्यातच आता स्थळ पाहताना बायोडाटापाठोपाठ मुलीचे इन्स्टाग्राम चाळले जाते, आणि ते चाळणारे बहुधा आमच्याच वयाचे काका-मामा असतात.

याहून गंभीर गोष्ट अशी की, न मांडणे हाही आता पुरावा मानला जातो. गेल्या वर्षी माझ्या थोरल्या भावाचे निधन झाले. त्याचा मुलगा दवाखान्याची बिले, दाखला आणि स्मशानातली लाकडे यांची धावपळ करत होता. दोन दिवसांत तो धड जेवलाही नव्हता. तिसऱ्या दिवशी सावडून परतताना नात्यातल्या एका गृहस्थांनी मला बाजूला घेऊन विचारले, ‘पोराने साधे स्टेटससुद्धा ठेवले नाही, बापाशी पटत नव्हते का?’ हा प्रश्न विचारणाऱ्याचे वय ७०च्या आसपास होते. तो प्रश्न फिरत फिरत पुतण्याच्या कानावर गेला असावा, कारण त्याच संध्याकाळी तो माझ्याकडे आला. आम्ही जुन्या डब्यातून भावाचा १९८४ सालचा फोटो शोधला. त्यात भावाच्या अंगात स्टुडिओचाच कोट होता. पुतण्याने मोबाइलवर त्याला हार घातला, मागे काळा रंग आणि खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ ही अक्षरे टाकली, स्टेटस ठेवले आणि म्हणाला, ‘काका, आता कोणी काही विचारणार नाही.’ वडिलांसाठी त्याने त्या तीन दिवसांत जे जे केले, त्यांपैकी एवढीच एक गोष्ट त्याने लोकांसाठी केली, आणि लोकांच्या लेखी मोजली गेली तीही तेवढीच.

अशा वेळी तरुणांना प्रदर्शनाची हौस आहे असे म्हणणे मला अप्रामाणिक वाटते. वाढदिवसाला शुभेच्छा टाकल्या नाहीत म्हणून रुसणारी आत्या, सुनेच्या स्टेटसवर फक्त माहेरचेच फोटो दिसतात असा हिशेब ठेवणारी सासू आणि रोज सकाळी फुलांच्या चित्रावर सुविचार पाठवून उत्तराची वाट पाहणारे आम्ही निवृत्त लोक, हे सगळे त्या प्रेक्षागृहातले पहिल्या रांगेतील प्रेक्षक आहेत. मीही त्यातलाच आहे. त्या संध्याकाळी तोच फोटो मी माझ्या स्टेटसला ठेवला आणि रात्री झोपण्यापूर्वी तो कोणी कोणी पाहिला याची यादी उघडून बसलो. पुण्याच्या चुलतभावाचे नाव तीत दिसले नाही. त्या गृहस्थांच्या मनात जे आले होते, त्याहून फार वेगळे माझ्याही मनात आले नाही, आणि दहाव्याला तो आला तेव्हा मी त्याच्याशी तुटक बोललो. पुढे महिनाभराने कळले की त्याने निळ्या खुणांची सोय बंद ठेवलेली आहे, त्यामुळे त्याने स्टेटस पाहिले तरी यादीत नाव उमटत नाही.

– एक निवृत्त छायाचित्रकार, जि. सातारा