जुन्या बंदुकीची नळी घासण्यापूर्वी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमचे अचलपूर तालुक्यातील धाब्याचे घर उतरवताना तुळईमागे तरटात गुंडाळलेली एक लांब बंदूक निघाली. गावाने पाहताक्षणी तिला ‘तोड्याची’ ठरवले आणि गाविलगड पडला तेव्हा ती पूर्वजांच्या हाती लागली, ही घरातली जुनी गोष्टही लगेच पुढे आली. दोन्ही गोष्टी बंदुकीनेच खोट्या पाडल्या.

तोड्याच्या बंदुकीत जळती वात धरणारा चिमटा असतो. हिच्या घोड्याच्या जबड्यात मात्र चकमकीचा दगड बसवण्याची खाच आहे आणि समोर, तो दगड आपटून ठिणगी रंजकाच्या, म्हणजे बार पेटवणाऱ्या बारीक दारूच्या, वाटीत पाडणारी, उभी पोलादी पट्टी आहे. खोबरेल तेलाच्या बोळ्याने कळीच्या (बार पेटवणाऱ्या यंत्रणेच्या) पट्टीवरचा मळ हळूहळू सैल केला, तेव्हा मुकुट धरून मागच्या पायांवर उभा असलेला सिंह दिसला. ईस्ट इंडिया कंपनी हे चिन्ह १८०८ पासून वापरू लागली; त्याआधी चार भाग केलेल्या हृदयाचे चिन्ह असे. गाविलगड इंग्रजांनी १५ डिसेंबर १८०३ रोजी घेतला, म्हणजे निदान ही कळ तरी त्या लढाईतली नव्हे.

नळी कळीसोबतचीच की नंतर जोडलेली, हे नळीवरच्या ठशांवरून कदाचित कळले असते. पण दसऱ्याच्या पूजेसाठी घरच्याच एका उत्साही मुलाने ती पॉलिश पेपरने आरशासारखी चकचकीत केली होती. रागावून उपयोग नव्हता, कारण त्याला आधी कोणी सांगितलेच नव्हते.

म्हणून अशी बंदूक सापडल्यास प्रथम ती भरलेली आहे असे समजूनच हाताळावी. तोंड माणसांपासून दूर ठेवून लाकडी काठी नळीत घालावी, ती अडली की नळीच्या तोंडापाशी काठीवर खूण करावी आणि मग ती खूण तोंडाशी जुळवून काठी बाहेरून नळीला लावून पाहावी. काठीचे टोक रंजकाच्या छिद्राच्या बरेच अलीकडे राहिले, तर आत जुना बार असू शकतो.

पोलिसांच्या भीतीने पुष्कळ जण अशी वस्तू भंगारात देतात. १९५९ च्या शस्त्र कायद्यात, दुरुस्त करूनही चालू शकणार नाहीत अशा जुन्या पद्धतीच्या शस्त्रांना सूट आहे. पण तो निर्णय आपण घरी न घेता ठाण्यात कळवणे बरे. आम्हीही तसे कळवले आहे. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाने, म्हणजे आपल्या अजब बंगल्याने, वर्षातून एकदा तालुक्याच्या ठिकाणी पोलिसांच्या उपस्थितीत अशा वस्तूंच्या तपासणीचे शिबिर घ्यावे आणि ते दसऱ्याच्या आधी घ्यावे, अशी विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
तालुका अचलपूर, जिल्हा अमरावती