ओकायामाहून आई-बाबांना

आई, बाबा,

साष्टांग नमस्कार.

गेले दहा दिवस व्हॉट्सॲपवर नुसतं पोचले, जेवले, झोपते एवढंच टाकत होते. आज रविवार आहे, माझ्याबरोबर जपानला आलेली विद्यार्थी मुलं नदीकाठी गेलीयेत आणि मला दोन तास मिळालेत म्हणून नीट लिहायला बसले. फोनवर आई तू निम्मा वेळ जेवणाचंच विचारतेस आणि बाबा तुम्ही "सगळं ठीक ना" म्हणून फोन परत आईकडे देता, मग सांगायचं ते राहूनच जातं.

प्रवास व्यवस्थित झाला. कान्साई एअरपोर्ट समुद्रात भराव घालून केलेल्या बेटावर आहे, विमान उतरताना दोन्ही बाजूला पाणीच दिसतं, मुलं खिडकीला चिकटली होती. इमिग्रेशनला बोटांचे ठसे, फोटो, मग रेसिडेन्स कार्ड. चौदा मुलं, चौदा पासपोर्ट, मी सारखी मोजत होते. सर म्हणाले अगं मोजणं आता सहा महिने सुटायचं नाही, सवय कर. शिन-ओसाकाहून शिंकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, पाऊण तासात ओकायामा.

पहिला आठवडा वॉर्ड ऑफिसात गेला म्हटलं तरी चालेल. राहायला आल्यापासून चौदा दिवसांच्या आत पत्ता नोंदवावा लागतो आणि मग हेल्थ इन्शुरन्स. आपल्या पासपोर्टवर मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं सगळं असतं ना, इथल्या फॉर्ममधे त्याला जागाच पुरत नाही. शिवाय काताकाना या जपानी लिपीत जोडाक्षर सुटं करून लिहावं लागतं, त्यामुळे सगळी नावं लांबच लांब होतात. मी प्रत्येकाजवळ बसून लिहून घेतलं. काउंटरवरच्या बाईंनी माझं नाव पुकारलं तेव्हा मधे बाबा तुमचं नाव त्यांनी एकेक अक्षर सावकाश उच्चारत पूर्ण घेतलं, त्या परक्या हॉलमधे ते ऐकून मला एकदम भरून आलं.

जेवणाचं सांगते आई. पाच मुलं शुद्ध शाकाहारी आहेत आणि इथे वरून काही दिसलं नाही तरी सूपमधे, सॉसमधे माशाचा अर्क असतोच, त्याला दाशी म्हणतात. पाकिटावर काय काय वाचायचं ते मी त्यांना लिहून दिलंय, सुपरमार्केटात दोघं दोघं मिळून एकेक पाकीट उलटंसुलटं करून वाचत उभी असतात. भात, भाज्या, टोफू, दही भरपूर मिळतं, उपाशी कुणी नाही. तू दिलेले पोहे परवा सकाळी केले, कढीपत्ता नव्हता पण फोडणीच्या वासाने सगळी जिना उतरून खाली आली. आणि डिंकाचे लाडू संपले. रागावू नकोस, मी एकटीने नाही खाल्ले. इथे मोमोतारोची गोष्ट घरोघरी माहीत आहे, मुख्य रस्त्यालाही त्याचंच नाव. मूलबाळ नसलेल्या म्हाताऱ्या जोडप्याला पीचच्या फळात मुलगा सापडतो, मोठा होऊन तो राक्षसांच्या बेटावर लढायला निघतो तेव्हा ती म्हातारी त्याला वाटेत खायला धान्याचे लाडू करून देते, किबिदांगो. ते तो कुत्रा, माकड आणि फेझंट पक्षी यांना वाटतो आणि ते त्याचे सोबती होतात. ही गोष्ट मी पुण्यात वर्गात कितीदा शिकवली असेल, पण ते लाडू बांधणारी म्हातारी डब्यातला शेवटचा लाडू वाटेपर्यंत माझ्या कधी डोळ्यासमोर आली नव्हती.

आता जे फोनवर सांगितलं नाही ते. बुधवारी रात्री आमच्यातल्या एका मुलीला ताप आला, ३९ सेल्सिअसच्या वर, अंग नुसतं कापत होतं. टॅक्सी करून रात्रीच्या दवाखान्यात नेलं, तपासलं तर फ्लू निघाला. इन्शुरन्स झालेला होता त्यामुळे तीस टक्केच भरावे लागले. ती सारखी म्हणत होती मॅडम प्लीज घरी सांगू नका, आई काळजी करत बसेल. मला दोन मिनिटं पटलंही होतं. मग मी फोन लावला, तिकडे संध्याकाळचे साडेसात झाले होते. तिच्या आईने सगळं शांतपणे ऐकलं आणि एवढंच म्हणाल्या, "तुम्ही आहात ना तिथे." त्या रात्री मी तिच्या खोलीतच खुर्चीवर बसून काढली. आता ती बरी आहे, काल चांगली जेवली.

पण बाबा, त्या खुर्चीवर बसून मला जानेवारी आठवत होता. तुम्हाला चक्कर आली, बीपीची गोळी बदलली, आणि मला मार्चमधे कळलं, तेही शेजारच्या काकूंकडून. व्हिसाचं चाललंय, तिच्या डोक्याला ताप नको म्हणून तुम्ही दोघांनी लपवलंत हे कळतं मला. तरी नका करू असं. खरं कळलं तर मी निदान फोन करीन, डॉक्टरांशी बोलीन, रडीन. काही कळलंच नाही तर रोज फोनवर तुमचा आवाज चाचपडत बसते.

आणि बाबा, तुमचं कोराकुएन बघून आले. ट्रामने शिरोशिता स्टॉपला उतरायचं, नदीवरचा पूल ओलांडला की बाग. तुम्ही इतकी वर्षं सकाळी आपल्या सिंहगड रोडवरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात फिरायला जाता, दहावीनंतर मला हट्टाने तिथे नेऊन ही बाग ज्या बागेवरून केलीये ती जपानात आहे म्हणाला होतात, माझं जपानी तिथून सुरू झालं. इथली ही मूळ बाग इकेदा त्सुनामासा नावाच्या सरदाराने करवली, १६८७ ला काम सुरू आणि १७०० ला पूर्ण. खूप मोठी आहे, मधे मोकळं हिरवंगार, तळं, चहाची झुडपं, एका कोपऱ्यात चक्क भाताचं छोटं खाचर, आणि झाडांच्या वरून डोकावणारा काळा किल्ला. किल्ला १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळला, आत्ताचा १९६६ मधे परत बांधलेला. रियुतेन नावाचं एक लाकडी बांधकाम मात्र त्या आगीतून वाचलं. भिंती नाहीतच, आणि मधून पाण्याचा झरा वाहतो, त्यात रंगीत दगड ठेवलेत. मी काठावर बसले, पाय पाण्याच्या वर, चेरीच्या दोनचार पाकळ्या वाहत आल्या आणि एका दगडाला अडकून राहिल्या. खूप वेळ बसले होते. तुम्हाला इथे बसवायचं आहे मला. ऑक्टोबरच्या आत पासपोर्ट रिन्यू करून ठेवा दोघांचे, गुडघ्याची सबब सांगू नका, बाग सपाट आहे आणि बसायला जागोजाग बाकं आहेत.

मुलं आली वाटतं, जिन्यात आवाज येतोय. उद्या कचऱ्याचा दिवस आहे, बाटल्यांची झाकणं आणि लेबलं काढून वेगळी करायचीयेत, आज सगळ्यांना परत दाखवायला हवं.

बाबांचं बीपी सकाळ संध्याकाळ वहीत लिही आई, आणि शनिवारी पानाचा फोटो पाठव. रविवारी तुमच्या साडेचारला फोन करते, इथे आठ वाजलेले असतील. स्पीकरवर ठेवा आणि दोघंही समोर बसा.

तुमची,
मनी